तीन लिटरची बरणी

आग्रह करकरून जेवू घालण्याची मक्तेदारी आपलीच, असं मराठी माणसाला वाटतं. मला ते जरा जास्तच वाटतं. रशियातल्या त्वेर किंवा कोस्त्रोमाकडच्या एखाद्या घरात हा अभिमान बुटांबरोबर दारातच काढून ठेवावा लागतो. यजमानीणबाईंनी पुढे सरकवलेल्या सपाता पायात चढल्या, की पाहुण्याचं शेंडेफळ होतं. माझं म्हणणं एवढंच, की तिथला आग्रह आपल्यापेक्षा अस्सल आहे. आपल्याकडे तीनदा ‘नको’ म्हणायचं, चौथ्यांदा वाढून घ्यायचं आणि घरी जाऊन आमटीला नावं ठेवायची, हे सारं ठरलेलं. तिथे पहिलं ‘नको’ कुणाला ऐकूच जात नाही.

पुरावा काकडीचा. बोटभर लांबीच्या, खरखरीत सालीच्या काकड्या तीन लिटरच्या काचेच्या बरणीत उभ्या ठासायच्या. सोबत शेपूचे बी धरलेले तुरे, लसूण, काळ्या करंटचं पान, वरून उकळतं खारं पाणी. ओकचं पान घातलं तर काकडी कुरकुरीत राहते; घालावं की नाही, यावर शेजारणी अबोला धरू शकतात. मग पत्र्याचं झाकण हातयंत्राने आवळायचं, बरणी उलटी करायची आणि चक्क गोधडीत गुंडाळून निजवायची. तेलाचा थेंब नाही, हिंग नाही! तेलाचा तवंग नसलेल्याला लोणचं म्हणायचं नाही, हा माझा धर्म तिसऱ्या काकडीला बुडतो. बरणी फोडली की संपवायची, हाही तिथला अलिखित कायदा.

यावर कुणी म्हणेल, रशियन माणूस तर साधं हसतही नाही. दुकानात नाही हसत. अनोळखी माणसाला पाहून उगाच का हसावं? दुसरा आक्षेप, की हा सगळा बडेजाव आहे. इथे मात्र माझं डोकं सणकतं. सोव्हिएत काळात कामगारांना गावाबाहेर साधारण सहाशे चौरस मीटरचे तुकडे मिळाले. 1990 च्या दशकात पगार महिनोन्महिने थकले, तेव्हा असल्याच तुकड्यांतल्या बटाट्यांनी कित्येक घरं तगवली. त्या दशकातले हिवाळे मोजून काढलेली बाई ‘खा’ म्हणते, तेव्हा ती शिष्टाचार पाळत नसते. आणि आम्ही प्रवासी तिच्या बरण्यांचे फोटो काढून खाली लिहितो, ‘साधी, भोळी माणसं’. भोळी कसली डोंबलाची!

राहता राहिली आपली परंपरा. त्वेरचाच व्यापारी अफनासी निकितीन पंधराव्या शतकात चौलला उतरून जुन्नरला आला. तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला, पुढे परतही केला. खान म्हणजे जुन्नरकर नव्हेत, हे मान्य. शिवाय इथे साखर घालून शिजवलेली खिचडी खाऊ घालतात, असं निकितीनने लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे आग्रह होता, हे त्यावरून सिद्धच होतं. फक्त ती खिचडी घोड्यांना घालत.