आंबा मुलाला खातो

इंग्रजी व्याकरणाच्या सरावपुस्तकात एक वेगळंच गाव वसलेलं असतं. त्या गावात रवी रोज शाळेत जातो, रीटा रोज दूध पिते आणि सूर्य पूर्वेला उगवतो, हे कुणीतरी रोज नव्याने जाहीर करतं. तिथे कुणाची बस चुकत नाही, कुणाला सर्दी होत नाही. काका येतात ते फक्त क्रियापदाला 'एस' लागावा म्हणून, आणि चहासुद्धा न घेता पुढच्या वाक्याला निघून जातात. या मंडळींची क्रियापदं कंसात कोंडलेली असतात आणि ती सोडवून आणायचं काम तिसरी-चौथीतल्या एखाद्या पोराच्या गळ्यात पडलेलं असतं.

आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या नावाचा धाक घातला गेला, त्या 'रेन अँड मार्टिन' जोडीतले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते. पुढे १९२४ साली त्यांनी 'बो जेस्ट' नावाची कादंबरी लिहिली. तिच्यात वाळवंट आहे, फ्रेंच सैन्य आहे, चोरीला गेलेला नीलमणी आहे. इतकं सगळं डोक्यात असलेल्या माणसाचं नाव आपल्याकडे मात्र रिकाम्या जागांशी जोडलं गेलं.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं. त्याआधी ते पाचवीत भेटायचं, म्हणजे पक्के दात आल्यावर. आता ते अशा वयात येतं, जेव्हा 'थिन' आणि 'थ्री' म्हणायला जीभ ज्या दातांना टेकवायची, नेमके तेच दात पडलेले असतात.

माझी भाची तिसरीत आहे, सेमी-इंग्रजीच्या वर्गात. तिचा सराव घेण्याची जबाबदारी ताईने माझ्यावर टाकली, कारण ताईच्या मते मामा मोकळाच असतो. पहिलंच वाक्य होतं, 'माय फादर डॅश टू ऑफिस एव्हरी डे.' कंसात 'गो'. भाची पेन्सिल चावत म्हणाली, "मामा, पण बाबा तर घरूनच काम करतात."

"अगं, हे तुझ्या बाबांबद्दल नाही."

"'माय' लिहिलंय की!"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तिनेच तोडगा काढला. "'डझन्ट गो' लिहू?" पुस्तकाने मागितलं होतं एक साधं 'गोज'. पोरीने खरं बोलायच्या हट्टापायी नकार, सहायक क्रियापद आणि मूळ रूप असं सगळं व्यवस्थित रचून दाखवलं. उत्तरपत्रिकेच्या हिशेबाने तो शून्य गुण होता.

पुढचा प्रश्न शब्दांची जुळवाजुळव करून अर्थपूर्ण वाक्य बनवायचा. 'मँगो', 'बॉय', 'ईट्स' आणि दोन 'द'. तिने लिहिलं, 'द मँगो ईट्स द बॉय.' मी दोन-तीनदा वाचलं. व्याकरणात बोट ठेवायला जागा नव्हती. "आंबा कसा खाईल मुलाला?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "मोठा असेल तर?" रवी-रीटाच्या त्या गावात इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी घडलं होतं.

खरं तर दोष तिचाही नाही. मराठीत 'वाघाने माणसाला खाल्लं' म्हणा, नाहीतर 'माणसाला खाल्लं वाघाने' म्हणा, खाणारा वाघच राहतो. विभक्तीचा प्रत्यय त्याच्या अंगाला चिकटलेला असतो, तो रांगेत कुठेही उभा राहिला तरी त्याचा रुबाब कमी होत नाही. जुन्या इंग्रजीतही असे प्रत्यय होते. पुढे ते झिजत गेले आणि कोण कुणाला खातो हे ठरवायचं काम जागेवर येऊन पडलं. आता तिथे क्रियापदाच्या आधी जो उभा तो खाणारा, आणि मागे जो उभा तो संपला. तिकिटाच्या रांगेत मध्येच घुसायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना ही शिस्त जड जाणारच.

पण आईबापांचा जीव वाक्यरचनेपेक्षा त्या 'एस'मध्ये जास्त अडकलेला असतो. 'ही गो' ऐकलं की घरात सुतकी शांतता पसरते. अशा पालकांना मी रॉजर ब्राउन यांचा हवाला देतो. इंग्रजी घरांतली तीन मुलं बोलायला कशी शिकतात, याच्या बारकाईने नोंदी घेऊन त्यांनी १९७३ साली 'अ फर्स्ट लँग्वेज' हे पुस्तक लिहिलं. त्यात असं दिसतं, की 'कॅट्स'मधला अनेकवचनी 'एस' मुलांना लवकर येतो, आणि 'ईट्स'मधला 'एस' बराच मागून. मला याचं नवल वाटत नाही. चॉकलेट एक की दोन, हा मुलाच्या हिताचा प्रश्न आहे. 'ही' म्हटल्यावर पुन्हा 'एस' कशाला, हा फक्त मोठ्यांचा.

आणि आपली पोरं काय कमी आहेत? 'मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं' असं अडीच-तीन वर्षांचं मूल बिनदिक्कत बोलतं. खाणारा तोच, तरी क्रियापद खाल्लेल्या वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलायचं, याला कर्मणी प्रयोग म्हणतात हे त्याच्या गावीही नसतं. भूक असते, समोर पोळी असते, एवढ्यावर व्याकरण आपोआप जुळून येतं.

इंग्रजीचंही तसंच आहे. प्रश्नार्थक वाक्यात सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी आणायचं, हा नियम समजावताना शिक्षकांचा घसा बसतो. पण महाराष्ट्रातलं कुठलंही पोर 'टीचर, मे आय गो टू टॉयलेट?' हे वाक्य विचारताना क्रम चुकवत नाही. उशीर परवडण्यासारखा नसतो ना!

म्हणून मी सरावपुस्तक मिटलं आणि घरात नवा कायदा केला. धाकट्या भावाविरुद्धची तक्रार यापुढे फक्त इंग्रजीत ऐकून घेतली जाईल. काळ शिकवायला याहून सोपी युक्ती मला तरी माहीत नाही. गुन्हा घडून गेलेला असतो, तिथे साधा भूतकाळ: 'ही टुक माय रबर.' गुन्हा चालू असताना धावत यायचं, तर चालू वर्तमानकाळ: 'ही इज ब्रेकिंग माय पेन्सिल!' पुन्हा असं होणार याची खात्री, म्हणजे भविष्यकाळ. कुठलीतरी पेन्सिल नव्हे, वाढदिवसाला मिळालेली तीच ती पेन्सिल, म्हटल्यावर 'अ' गळून 'द' आपसूक येतो. आरोपी अजून बालवाडीत आहे. त्यानेही आठवडाभरात स्वसंरक्षणापुरतं 'आय डिडन्ट' शिकून घेतलं, आणि नंतर उलटतपासणीसाठी 'शी ऑल्सो'. ताईचं म्हणणं, घरातली भांडणं दुप्पट झाली. मी म्हटलं, शब्दसंग्रहही झालाय.

परवा वार्षिक परीक्षा जवळ आली म्हणून मी पुन्हा सरावाचे कागद काढले. भाचीने ते शांतपणे बाजूला सारले, तक्रारवही उघडली आणि वळणदार अक्षरात नवी नोंद केली: 'मामा ऑल्वेज गिव्ह्ज बोअरिंग होमवर्क.' मी शिक्षकी नजरेने वाक्य तपासलं. कर्ता पहिला, सवयीचा काळ बरोबर, 'एस' जागच्या जागी. तक्रार दाखल करून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.