एपासून झेडपर्यंत

ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या विंटर गार्डन्समध्ये 'रिबेलियन' नावाचा पंक महोत्सव भरतो. नाव बंडाचं, पण आमच्या या गृहस्थाने राहायची खोली गेल्या ऑगस्टमध्येच ठरवून ठेवलेली असते. वय साठीच्या पुढे. तुरा उभा करण्याइतके केस उरले नाहीत, म्हणून उरलेल्यांनाच हिरवा रंग. अंगात बिल्ल्यांनी जड झालेलं चामड्याचं जाकीट. त्याच्या एका खिशात रक्तदाबाची गोळी, दुसऱ्यात कानात घालायचे बोळे. "ही व्यवस्थाच उलथून टाकली पाहिजे," असं बजावत तो रांगेत शिस्तीत उभा राहतो आणि मध्ये घुसणाऱ्या पोरांना झापतो.

त्याचं दैवत म्हणजे 'यूके सब्स'. 1976 पासूनचा लंडनचा बँड. पोलिसांना डिवचणारी 'सीआयडी' ही त्यांची 1978 सालची पहिली छोटी तबकडी किती रंगांत निघाली, हे तो न विचारता सांगतो. दाखवतोही. हात मात्र लावू देत नाही.

"हार्परकडे बघ!" हे त्याचं पालुपद. गुडघा दुखतो म्हणा, कंटाळा आला म्हणा, उत्तर एकच. गायक चार्ली हार्पर 1944 चा. पंकची लाट आली तेव्हा बाकीची पोरं विशीतली, हा बत्तीस वर्षांचा, पेशाने केस कापणारा. नंतर बँडमध्ये इतके वादक आले-गेले, की आमचा माणूस ती वंशावळ सुरू करतो तेव्हा बायको चहा ठेवायला उठते. 1993 साली 'गन्स अँड रोझेस'ने सब्सचं 'डाउन ऑन द फार्म' गायलं, याचा त्याला भयंकर राग आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट तो अभिमानाने सांगतो.

खरी गंमत त्याच्या फळीवर. सब्सने अल्बमांची नावं एबीसीडीच्या क्रमाने ठेवली. 1979 चा 'अनदर काइंड ऑफ ब्लूज', मग 'ब्रँड न्यू एज', 'क्रॅश कोर्स'... असं करत हा कारभार सदतीस वर्षं चालला. इतकं चिकाटीचं बेशिस्तपण मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही. एक्सवर गाडी अडणार, असं मित्र म्हणायचे. 2013 साली हार्परने अल्बमला रोमन अंकांतलं चोवीस हेच नाव दिलं. सुरुवात एक्सने, आणि एक्स हे चोविसावंच अक्षर! त्या दिवशी आमच्या माणसाने स्वतःलाच मुलगा झाल्यासारखे पेढे, म्हणजे बिअर, वाटली.

2016 साली 'झीझो' आला आणि अक्षरं संपली. फळी भरली. हार्पर मात्र थांबेना. 2022 साली 'रिव्हर्स इंजिनिअरिंग' हजर! झेडच्या पुढे ठेवावा तर तो आरचा. आरच्याच जुन्या 'रायट' अल्बमशेजारी खुपसावा तर 2016 पर्यंतची सगळी रांग बिघडते. तबकडी जेवणाच्या टेबलावर पडून राहिली. शेवटी बायको वैतागली, "अरे, ठेव की कुठेही!"

त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"कुठेही? घरात काय अराजक माजवायचंय?"