अज्जीचे दसरे

अज्जी नेमकी कधी जन्मली, हे आमच्या घरात कुणालाच ठरवता आलं नाही. "मैसुरात रेडिओ आला तेव्हा मी दहा वर्षांची," असं ती सांगायची. ते साल १९३५. गोपालस्वामी नावाच्या प्राध्यापकांनी राहत्या घरातच केंद्र थाटलं होतं, आणि 'आकाशवाणी' हे नाव तिथलंच. पण "नाल्वडी महाराज गेले तेव्हा मी बाराची," हेही तीच सांगायची, आणि नाल्वडी कृष्णराज गेले १९४० साली. पाच वर्षांत ही बाई दोनच वर्षांनी वाढली कशी, असं बाबांनी एकदा विचारलं. "तेव्हा वर्षं लांब असायची," ती म्हणाली आणि डबऱ्यातली कॉफी खालीवर करत राहिली. त्यामुळे ती गेली तेव्हा ९४ची होती की ९७ची, हा वाद अजून मिटलेला नाही.

तिचं खरं कॅलेंडर दसऱ्याचं. मिरवणुकीतल्या अंबारीत तिने नाल्वडी पाहिले, त्यांच्यानंतरचे महाराज जयचामराज पाहिले आणि राजेपण संपल्यावर तिथे बसू लागलेली चामुंडेश्वरीही पाहिली. फक्त तिघांनाही मागून. वीस माणसांची पानं वाढून, मागचं आवरून ती रस्त्यावर पोचेपर्यंत साडेसातशे किलोंची ती सोन्याची अंबारी पुढे गेलेली असायची. मैसूरच्या राजवैभवातलं हत्तीचं शेपूट मात्र तिच्याइतकं कुणी न्याहाळलं नसेल. त्याची तिला खंत नव्हती. उलट मिरवणूक सयाजीराव रोडवरून, म्हणजे बडोद्याच्या गायकवाडांच्या नावाच्या रस्त्याने, बन्नीमंटपाला जाते, याचा तिला भलता अभिमान. "हत्ती शेवटी आपल्याच रस्त्याने जातात," असं ती शेजारणींना कन्नडमध्ये ऐकवायची. पुण्याहून आलेल्या आम्हाला मात्र तिचं मराठीही अर्धं कन्नडच वाटे. कडबोळ्यांना कोडुबळे, पुरे म्हणायला साकु. ताटात चौथा भात पडताना आम्ही साकु म्हटलं, की तेवढाच एक शब्द तिला कळत नसे.

नवरात्रात चामराजपुरमच्या घरात बाहुल्या मांडल्या जात. नऊ पायऱ्या, त्यांवर पांढरं धोतर, सर्वांत वर तिच्या लग्नात माहेरहून आलेली रक्तचंदनाची राजा-राणी. राणीला दरवर्षी नवं लुगडं. अज्जीला स्वतःला मात्र 'यंदा आहेत की'. शास्त्राप्रमाणे वर देव, खाली माणसं, तळाशी वाण्याचं दुकान आणि प्राणिसंग्रहालय. अज्जीचं शास्त्र वेगळं. प्रत्येक नातवंडाच्या जन्माला ती एक बाहुली आणायची, आणि ती बाहुली तिसऱ्या पायरीवर, थेट रामपंचायतनाच्या शेजारी. आतेभाऊ म्हणजे बॅट उगारलेला मातीचा क्रिकेटपटू. धाकटी बहीण चन्नपट्टणची लाखेची गवळण. मी बँडवाला. माझी तुतारी मी तीन वर्षांचा असतानाच मोडली. अज्जी ती डिंकाने चिकटवायची, दर दसऱ्याला ती पुन्हा पडायची, आणि रामाच्या पायाशी सापडायची. मारुतीला हलवावं लागलं तरी चालेल, पण तुतारीवाला तिथून हलला नाही.

संध्याकाळी गल्लीतली पोरं "गोंबे कूर्सिद्दीरा?", म्हणजे बाहुल्या मांडल्यात का, असं विचारत दारोदार फिरतात. बाहुल्या बघायच्या हे निमित्त, खरं काम खाऊचं. काही पोरं टोपी बदलून दुसऱ्यांदा येत. अज्जी चष्म्यातून निरखून बघे. "तुझा भाऊ आत्ताच येऊन गेला," असं म्हणे आणि दुसरा लाडू देई.

ती गेल्यानंतरच्या पहिल्या नवरात्रात काकूने पेट्या उघडल्या. एकेक बाहुली अज्जीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली, तपकिरीचा वास तसाच. काकू शिस्तीची, तिने सगळं शास्त्रोक्त मांडलं. क्रिकेटपटू, गवळण, मी, सगळे तळाशी, वाण्याच्या दुकानालगत. शेजारची आठ वर्षांची मुलगी बराच वेळ बघत उभी राहिली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हे सगळे रामाच्या घरचे ना? खाली का उतरवलेत?"

काकूने मुकाट्याने मारुती सरकवला.

तेवढ्यात दारात एक पोरगा आला. मघाशी उघड्या डोक्याने आला होता, आता कानटोपी. काकूने चष्मा वर केला, त्याच्याकडे पाहिलं, पाहतच राहिली.

"भाऊ का रे तुझा, मघाशी येऊन गेला तो?" तिने विचारलं आणि लाडवांचा डबा उघडला.