हेगेल आणि हद्दवाढ

वाद, प्रतिवाद आणि मग दोन्हींतले सत्त्व घेऊन संवाद, असे एक सूत्र हेगेल नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाच्या नावावर खपवले जाते. गृहस्थ १८३१ सालीच गेले आणि सुटले. शेजारची गावे शहरात घ्यायची की नाही, ही कोल्हापूरची हद्दवाढ त्यांना बघावी लागली नाही.

इथला वाद पक्का आहे. नगरपालिकेची महापालिका १९७२ साली झाली. पाटी बदलली, हद्द तेवढीच राहिली. सुमारे ६७ चौरस किलोमीटर. शहर म्हणते, आमच्या केएमटी बसने फिरता, आमच्या दवाखान्यात येता, मग घरफाळा भरायला काय होतंय? शिवाय लोकसंख्या वाढली की वरून निधीही वाढतो. प्रतिवादही तितकाच पक्का. शहराला खेटलेली उचगाव, पाचगाव ही गावे म्हणतात, आधी तुमची उपनगरं सुधारा, मग आमच्या शेतांवर आरक्षणं टाका!

दोन्ही बाजू खऱ्या आहेत, हीच खरी पंचाईत. एक जरी खोटी असती तरी केव्हाच निकाल लागला असता. गंमत अशी, की शहराची बाजू सगळ्यांत जोरात मांडतात ती गावे: उसाच्या फडाला खेटून उभ्या अपार्टमेंटवर ‘शहरालगत’ असा फलक लावून. आणि गावांची बाजू महापालिकेइतकी प्रभावीपणे कुणालाच मांडता आलेली नाही. दर पावसाळ्यात, रस्त्यारस्त्यावर.

इकडे बंद, तिकडे बंद, मोर्चाला मोर्चा झाल्यावर सरकारने २०१७ साली संवाद काढला: ४२ गावांचे प्राधिकरण. शहराला गावे मिळाली नाहीत, गावांना शहर मिळाले नाही, बांधकाम परवान्याला तिसरे टेबल मात्र मिळाले. एकमेकांचे अक्षरही न ऐकता समन्वय साधता येतो, हा शोध हेगेलला लागला नव्हता.

आपल्याकडच्या जुन्या शास्त्र्यांची रीत वेगळी होती. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचे म्हणणे, त्यालाही पटेल असे मांडायचे, खंडन त्यानंतर. आमच्या पुढाऱ्यांना ‘या बिंदू चौकात!’ एवढेच आव्हान देता येते. तर या खरेच. फक्त सरपंचांनी शहराच्या बाजूने बोलायचे आणि नगरसेवकांनी गावांच्या. चारमजली इमारतींचे सांडपाणी ग्रामपंचायतीच्या गटारीला झेपत नाही, हे सरपंचांच्या तोंडून ऐकू द्या. गोठ्यात चार म्हशी असलेल्या माणसाला ‘रहिवासी क्षेत्र’ या शब्दाने घाम का फुटतो, हे नगरसेवकांनी सांगावे. कुस्तीगीर गावात प्रतिस्पर्ध्याचा डाव ओळखणे काही कमीपणाचे नाही.

या सभेला अध्यक्षही ठरला आहे. एक परिचित आहेत, शहरातल्या राजारामपुरीत फ्लॅट आणि पाचगावात प्लॉट. फ्लॅटच्या गॅलरीत ते हद्दवाढीचे कट्टर समर्थक असतात, प्लॉटवर पोचले की कट्टर विरोधक. दोन्ही बाजू इतक्या तळमळीने मांडणारा दुसरा माणूस जिल्ह्यात नसेल. विचारले तर लगेच तयार झाले. अट एकच: सभा प्लॉट विकला जाईपर्यंत लांबवायची.