प्रधान मास्तरांचं चुकलंच!

"काय गं, काल बारापर्यंत दिवा चालू होता तुमच्या हॉलमधला?" कुंपणापलीकडून काकूंची चौकशी. हातात कढीलिंबाची फांदी. अर्थात आमच्याच झाडाची.

"'सारांश' बघत होते, काकू."

"अगंबाई! 1984 साली थेटरात पाहिला तेव्हा वाटलं, महेश भटनं खराच एखादा रिटायर्ड हेडमास्तर धरून आणलाय. मागाहून कळलं, प्रधान मास्तर झालेला हा अनुपम खेर 28 वर्षांचा! आणि त्यांची बायको पार्वतीबाई झालेली रोहिणी हट्टंगडी तरी कुठे म्हातारी होती तेव्हा?"

"मला ते कस्टमचं ऑफिस बघवत नाही. न्यूयॉर्कला लुटारूंनी मारलेल्या एकुलत्या एका पोराच्या अस्थी घ्यायला बाप आलाय आणि भोवती सगळी टीव्ही-फ्रिजची भाषा."

"तिथं मास्तर फुटतात बघ. घरी मात्र बायकोपुढं गप्प! दोघांचं दुःख एकच, पण एकमेकांशी बोलायची सोय नाही."

"बोलणार काय? अजय गेला हे त्यांना पटलंय, म्हणून त्यांना जगायचं नाही. पार्वतीबाईंना पटतच नाही, म्हणून त्या देव धरून बसल्यात."

काकूंनी फांदी कुंपणावर ठेवली. म्हणजे आता मुक्काम लांबणार.

"आमच्याकडे काय वेगळं होतं? धाकटे भाऊजी गेले, तर सासूबाई रोज त्यांचं ताट वाढायच्या. साग्रसंगीत, चांदीच्या वाटीसकट. ते दिसलं की मामंजी हात धुऊन उठायचे. दोघं एकमेकांशी बोलत नसत. 'त्यांना सांग', 'तिला सांग', सगळं माझ्यामार्फत! आणि ते ताट शेवटी कोण खायचं? मीच. गारढोण झालेलं, मागच्या पडवीत बसून. अन्न टाकायचं कसं?"

हे मला नवीनच होतं. मी सिनेमाकडे वळले. "म्हणून तर पार्वतीबाई त्या भाडेकरू सुजाताला जपतात. तिच्या पोटी आपला अजयच येणार म्हणून!"

"आणि त्या पोराचा बाप त्या पुढाऱ्याचा मुलगा. पुढारी कोण, तर निळू फुले! ते पडद्यावर आले की आपण आधीच पदर सावरायचा. त्यांच्या गुंडांशी भांडता भांडता मास्तरांना जगायची उमेद येते, ते झकास. पण पोरीला वाचवलं आणि पुढाऱ्याच्या त्या मुलाबरोबर लांब पाठवून दिलं, ते चुकलंच."

"चुकलं कसं? त्या मुलाला जन्मल्यापासून मेलेल्या माणसाच्या नावानं जगायला लावायचं? उद्या ते अजयसारखं वागलं नाही, तर पार्वतीबाईंनी काय करायचं?"

"ते खरं गं. पण ती बाई विनवतेय आणि हे आपलंच खरं करतात! मामंजींनी तेच केलं. एक दिवस ते ताट उचललं आणि माळ्यावर फेकलं. सासूबाईंनी अंथरूण धरलं."

"मग?"

"मग काय, मामंजी आमच्याबरोबर जेवायला लागले. त्या काळी हं! पुरुषांची पंगत उठायची, हे आपले पाटावर बसून. सासूबाई आल्याशिवाय घास घेत नसत. पहिले काही दिवस त्या आल्याच नाहीत. मामंजीही उपाशी उठले. मग एकदा आल्या आणि म्हणाल्या, 'आमटी आळणी झालीय.' कित्येक महिन्यांत मामंजींशी थेट बोललेलं पहिलं वाक्य."

"मास्तरांचंही तेच की! आधी मरायला निघालेले ते, आणि शेवटी पार्वतीबाईंना जगायचं नाही म्हटल्यावर त्यांना सावरायलाही तेच."

"म्हणून तर मास्तरांना माफ केलं मी. आधार काढून घेतलास ना, मग आता तू बस तिथं. नुसतं शहाणपण शिकवून निघून गेले असते तर तोंड बघितलं नसतं त्यांचं."

"आणि मामंजींना?"

"त्यांना नाही! फेकताना वाटी तरी काढून ठेवायची. माझ्या माहेरची होती. अजून सापडली नाही."