बाकी माझ्या वाट्याला

दिवाळीच्या सुट्टीला भाची आली की तिच्या वहीत नाक खुपसायचं आणि ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारं एखादं वाक्य टाकायचं, ही माझी जुनी खोड. ती नववीत आहे. यंदा वहीत बहुपदी होती: क्ष³ + अ क्ष² + ब क्ष + ४. हिला (क्ष – १) ने भागल्यास बाकी ६ उरते, (क्ष + २) ने भागल्यास १२. तर अ आणि ब काढा.

भागायचंच आहे ना, म्हणून मी सरसावून विजेच्या बिलाच्या पाठीवर भागाकार मांडला. पहिलं पद गेलं, दुसऱ्याला अ चिकटला, चिन्हं बदलताना वजाचं अधिक झालं, अधिकाचं काय झालं ते बिलाच्या घडीत गेलं, हिने ठेवलेल्या चहावर साय धरली आणि शेवटी जी बाकी उरली तिच्यात क्ष शाबूत होता.

“मामा, भाजक एकघाती असला की बाकीत क्ष उरतच नाही.”

मी बिल उलटं केलं. तिकडची रक्कमही सुखावह नव्हती.

मग तिने मला शेष सिद्धांत शिकवला. भागत बसायचंच नाही. बहुपदी म्हणजे भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी. भाजक शून्य करणारी किंमत क्षला दिली की भागाकारासकट सगळं लटांबर उडतं आणि बाकी तेवढी हातात राहते. क्षच्या जागी १ घातला: १ + अ + ब + ४ = ६, म्हणजे अ + ब = १. एवढं मलाही जमलं, आणि तिथेच घात झाला. दुसऱ्या भाजकात २ दिसले, मी बेधडक २ घातले; ८ + ४अ + २ब + ४ = १२, त्यातून अ = –१, ब = २ असं अपूर्णांकाचा डागही नसलेलं उत्तर निघालं, तेव्हा मी ते कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवून स्वयंपाकघरात जाहीर केलं, बहिणीला फोनवर ऐकवलं आणि भाचीच्या वहीत लिहूनही टाकलं.

पेनाने.

भाचीने हातातला खोडरबर खाली ठेवला. “मामा, क्ष अधिक २ शून्य व्हायला उणे २ घालावे लागतात.” तिने घातले: २अ – ब = ८. पहिल्या समीकरणात मिळवलं, ३अ = ९. अ = ३, ब = –२.

माझ्या उत्तराने पहिली बाकी बरोब्बर ६ येत होती. दुसरी मात्र १२ ऐवजी उणे १२.

तेव्हा मंडळी, उत्तर पूर्णांकात आलं म्हणून हुरळून जाऊ नका. आधी ताळा करा, मग फोन.