तडतडतंय!

कामथडीत कुणालाही माईंचं घर विचारा, वासाच्या दिशेनं बोट दाखवतात. हल्ली केसांचं तेल करणारे गल्लोगल्ली झालेत म्हणा. जास्वंदीची चार फुलं खोबरेलात टाकली, बाटलीला सुतळी बांधली की झाले वैद्य. माई त्यांना ‘बुडवे’ म्हणतात.

माईंना माका लागतो तो भातखाचराच्या ओल्या बांधावरचा, आणि बांध शक्यतो दुसऱ्याचा. वाटलेल्या पाल्याच्या चौपट तेल, तेलाच्या चौपट रस. शार्ङ्गधरसंहितेत हेच प्रमाण आहे, असं मी कौतुकानं सांगितलं. ‘‘मंग त्याचं बरोबर हाय,’’ माई म्हणाल्या.

मग लोखंडी कढईखाली मंद जाळ आणि अख्खं घर वेठीला. शेवटी कढईतला पाला चिमटीनं घ्यायचा, बोटांवर त्याची वात वळायची, विस्तवात धरायची आणि कान द्यायचा. वात वाजली तर रस आटलेला नाही. असं तेल लवकर नासतं.

‘‘तडतडतंय. पाणी हाय अजून.’’

भाकरी थापायला चूल मोकळी नसते. आपण पाव्हणे म्हणून भुकेलेच.

एवढ्यावर भागतं तर ठीक होतं. पुतणीला बघायला आलेला मुलगा पॅकेजबद्दल सलग बोलला. तो चेलाडी फाट्याला पोचायच्या आत निकाल लागला : ‘‘तडतडतोय.’’ पुढाऱ्यानं पुणे-सातारा रस्त्याचं रुंदीकरण ‘आता संपलंच’ म्हटलं, ‘‘तडतडतोय.’’ माझा लेख वाचून दाखवला. दुसऱ्याच परिच्छेदाला माईंनी कानामागचा पदर सारखा केला. मी वाचन आवरलं.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा माई रोज संध्याकाळी यायच्या. आईच्या विरळ केसांत बोटं फिरवत बसायच्या. केस वाढणार नव्हते, हे दोघींना माहीत होतं. त्या दिवसांत माईंनी कुठल्याच गोष्टीची वात वळली नाही, हे मला मान्य करावं लागेल.

दहाव्याला धाकटे काका आले. आईशी बांधावरून वर्षानुवर्षं अबोला होता. आले ते हंबरडा फोडतच. घाटावरची माणसं हेलावली. माझेही डोळे भरले. माई माझ्याकडे सरकल्या आणि कानाशी म्हणाल्या,

‘‘सातबारा कपाटात ठेव. तडतडतोय.’’